धाकटीचे नवे गुडघे

धाकट्या बहिणीचे, सुमनचे, दोन्ही गुडघे एकदम बदलायचे ठरले, ही बातमी धुरपताबाईला फोनवर कळली तेव्हा ती जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकलेली होती. नांदेडातल्या तिच्या दोन खोल्यांच्या घराला नऊ पायऱ्या होत्या, आणि पाचवीवर आलं की गुडघे असे कुरकुरत की बसल्याशिवाय पुढचं पाऊल उचलत नसे. फोन भाच्याचा होता. सुगत हा सुमनचा एकुलता एक, विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन पुण्याला लागलेला. तो सांगत होता की मे महिन्यात आईला शाळेची सुट्टी असते, लातूरलाच चांगले डॉक्टर आहेत, दोन्ही पाय एकाच वेळी करून टाकू म्हणतात. मावशी महिनाभर आली तर फार बरं होईल. तिच्याइतकं ह्यातलं घरात दुसऱ्या कुणाला कळतंय?

येते म्हणून तिने सांगितलं. मग फोन मांडीवर ठेवून ती स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. लुगड्यावरूनही त्यांची सूज दिसत होती. डावा तर बाहेरच्या अंगाला इतका वाकला होता, की गल्लीतल्या बाया तिला लांबून नुसत्या चालीवरून ओळखत. ह्याच गुडघ्यांपायी तिने दोन वर्षं आधी दवाखान्यातली नोकरी सोडली होती. तिच्याही मुलाने एकदा डॉक्टरला दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, बदलावे लागतील. मुलगा हो म्हणाला होता आणि विषय तिथेच राहिला होता.

आणि आता नवे गुडघे मिळणार ते सुमनला. धुरपताबाईच्या मनात पहिला शब्द आला तो ‘पुन्हा’ असा.

दोघी जळकोटजवळच्या एका खेड्यातल्या. बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी. छप्पन साली धम्म घेतलेल्या घरांपैकी त्यांचं एक घर. पोरींना शाळेत घालायचं, हे बापाने तेव्हाच मनाशी ठरवलेलं. त्याप्रमाणे दोघी शाळेत गेल्या. धुरपता हुशार होती. सातवीत ती वर्गात पहिली आली तेव्हा मास्तरांनी घरी येऊन सांगितलं होतं, की ही पोरगी पुढे शिकवा. मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावच्या विहिरी तळाला गेल्या आणि सगळं घर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसलं. धुरपता पंधरा वर्षांची, सुमन बाराची. उकिडवं बसायचं, पुढ्यात दगड, हातात हातोडा. उन्हं डोक्यावरून कलेपर्यंत तसंच.

त्या वर्षी उदगीरच्या वसतिगृहात मुलींसाठी एक जागा निघाली. जागा एक आणि मुली दोन. बापाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी भाकरी खाता खाता सांगून टाकलं, की धुरपतीचा हात खडीला बसलाय, सुमी तिथं नुसती धूळ खाते, सुमीला पाठवू. त्यात बापाचं काही चुकलं नाही, हे धुरपताला तेव्हाही कळत होतं. धुरपताचे चार पैसे घरात आले नसते तर चूल पेटली नसती. पण कळणं वेगळं आणि सोसणं वेगळं. सुमन निघाली त्या दिवशी धुरपताने आपला त्यातल्या त्यात धड परकर तिला दिला, एसटीपर्यंत सोडायला गेली, आणि परत येऊन दगडाला असा हातोडा हाणला की मुकादमाने वळून पाहिलं.

पुढल्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा ग्यानोबा नांदेडला गिरणीत होता. माणूस चांगला होता, पण छातीच्या दुखण्याने लवकर गेला. पदरात एक मुलगा. ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवी भरती, सगळीकडे नवाईची धामधूम. त्यात डी.एड. झालेल्या सुमनला मास्तरकी मिळाली. पेढे घेऊन ती नांदेडला आली, तेव्हा धुरपताला सरकारी दवाखान्यात आयाची नोकरी लागून आठच दिवस झाले होते. पेढा तोंडात ठेवताना धुरपताच्या हाताला फिनेलचा वास येत होता. सुमनने अगदी मायेने तिला विचारलं, अक्का, काम झेपतंय का? त्या मायेचाच धुरपताला राग आला.

हाडाच्या वॉर्डात तिने एकतीस वर्षं काढली. लघवी-संडासाचं भांडं देणं, अंग पुसणं, प्लास्टरातली माणसं कुशीवर वळवणं, पायाला टांगलेली वजनं सांभाळणं. कागदावर ती आया होती, पण नव्या नर्सा तिला बाजूला घेऊन विचारायच्या की मावशी, ह्या पेशंटचं काही वेगळं वाटतंय का? तिला वाटलं तर ते बहुधा खरं निघायचं. तिकडे सुमन मुख्याध्यापिका झाली. नवरा व्यंकटरावही मास्तर. लातुरात घर बांधलं, मुलगा शिकला. धुरपताबाई दर बातमीला बरं झालं म्हणायची आणि त्या रात्री तिला जेवण जायचं नाही. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

अशी ती दोन हजार सोळाच्या मे महिन्यात एसटीने लातूरला उतरली. त्या उन्हाळ्यात लातूरची दशा साऱ्या देशाला माहीत झाली होती; पिण्याचं पाणी आगगाडीने आणावं लागत होतं. सुमनच्या गल्लीत प्रत्येक दारापुढे निळे पिंप ओळीने उभे होते आणि टँकर आठ-दहा दिवसांनी एकदा यायचा. व्यंकटराव वहीत लिहून पाण्याचा हिशेब ठेवत. ह्या सगळ्या ओढगस्तीतही सुमनसाठी घरात जी तयारी चालली होती, ती धुरपताबाईने दारातून आत येतानाच टिपली. संडासात बसायची नवी खुर्ची. धरून चालायचा चकचकीत वॉकर. पलंगाला उंची यावी म्हणून खाली घातलेले लाकडी ठोकळे. सुगतने पुण्याहून आणलेले पांढरे, घट्ट, मांडीपर्यंत येणारे मोजे. तिने ते हातात घेऊन ताणून पाहिले आणि घडी घालून जागच्या जागी ठेवले.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी सुमनला उभं केलं तेव्हा तिचे दोन्ही पाय सरळ होते. काठीसारखे सरळ. धुरपताबाईने एका बाजूने तिला धरलं होतं आणि ती सारखी त्या पायांकडेच बघत होती. सुमन कळवळत होती, घाम फुटला होता, तरी धुरपताबाईला तिची कीव येईना. वाटत होतं, एवढंच दुखायचं असेल तर दुखू दे की.

रोज सुमनच्या पोटाच्या कातडीत एक इंजेक्शन द्यायचे. घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं. एवढं मोठं हाडाचं ऑपरेशन झालं की माणूस पडून राहतो, पायातलं रक्त मंदावतं आणि शिरेत त्याची गुठळी धरू शकते. ती तिथून सुटली आणि फुफ्फुसात जाऊन अडकली तर माणूस बोलता बोलता जातो. म्हणून रक्त पातळ ठेवायचं. आता इंजेक्शन बंद; त्याऐवजी रोज एक गोळी, ऑपरेशनपासून तीन आठवडे पुरे होईपर्यंत. एकही चुकवायची नाही. भरपूर पाणी प्यायचं, पावलं सारखी वर-खाली हलवायची, मोजे घालायचे, दिवसातून चार-पाच वेळा चालायचं. कुठून रक्त आलं किंवा पोटरी सुजली तर लगेच कळवायचं. मनाने काही करायचं नाही.

व्यंकटरावांनी सगळं उतरून घेतलं. धुरपताबाईला लिहायची गरज नव्हती. तिला धोंडप्पा आठवत होता. देगलूरकडचा म्हातारा, खुब्याचं हाड मोडून आलेला, बोलघेवडा. त्या काळी ही इंजेक्शनं, ह्या गोळ्या सर्रास नव्हत्या. उद्या घरी जायचं म्हणून त्याने धोतर धुऊन मागितलं होतं. तिने ते आणून दिलं. तो उठून बसला, छातीवर हात ठेवला, आणि तिच्याकडे बघता बघता संपला. दोन दिवसांपासून त्याची एक पोटरी जाड दिसत होती. धुरपताबाईने तेव्हापासून पोटऱ्या बघायची सवय लावून घेतली होती.

बोलणं झाल्यावर डॉक्टरांना सुमनची जखम तपासायची होती. मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबा, असं ते धुरपताबाईला म्हणाले. ते दवाखान्यातलं मावशी म्हणणं होतं. एकतीस वर्षं ऐकलेलं. सुमन काही बोलली नाही. धुरपताबाई बाहेर जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर पहिले तीन दिवस सगळं ठीक चाललं. नाश्त्यानंतर धुरपताबाई गोळी काढून द्यायची, सुमन घ्यायची. चौथ्या दिवशी सुमनच्या शाळेतल्या चंद्रप्रभाबाई भेटायला आल्या. जुन्या लातुरातल्या, चांगल्या घरच्या, बोलायला गोड. धुरपताबाईने त्यांना चहा नेऊन दिला. कप उचलत त्या सुमनला म्हणाल्या की बरं झालं, तुम्हाला कामाला चांगली बाई मिळाली, हल्ली मिळतात कुठे. सुमनने एकदा धुरपताबाईकडे पाहिलं. मग मान खाली घालून ती साडीची घडी सारखी करत बसली.

धुरपताबाई ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथे तिने तो ट्रे पुसला आणि परत पुसला.

तिथूनच तिच्या कानावर पुढचं बोलणं आलं. सुमन आपल्या पोटावरचे निळे-काळे डाग सांगत होती. सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आल्याचंही सांगत होती. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या की त्यांच्या मामांना असल्याच गोळीने पोटात रक्तस्राव झाला, पंधरा दिवस दवाखान्यात होते. आता जखम भरलीय तर कशाला हवं ते विष? बाई भल्या मनाने सांगत होत्या. सुमन हूं हूं करत होती.

दुसऱ्या दिवसापासून सुमन गोळी हातात घ्यायची, तोंडाशी न्यायची, वर घोटभर पाणी प्यायची. घोटभरच. पाणी ती मुळातच तोडून प्यायला लागली होती. एक तर टँकरचं भांडण रोज कानावर येत होतं आणि दुसरं म्हणजे जास्त प्यायलं की संडासाला उठावं लागे, आणि उठणं जिवावर येई. उकाड्याने मांड्या खाजतात म्हणून मोजेही तिने काढून टाकले. चालणं दोन वेळांवर आलं. धुरपताबाई हे सगळं बघत होती. पहिल्या तीन दिवसांत ती ओरडून ओरडून करून घ्यायची. आता एकदा सांगायची आणि गप्प बसायची.

रविवारी सुमन झोपली असताना धुरपताबाईने तिचा चष्मा पुसायला म्हणून उशाची डबी उघडली. आत चष्म्याखाली कागदी रुमालाच्या घडीत चार तांबूस गोळ्या होत्या.

ती डबी हातात धरून कितीतरी वेळ उभी होती. सुमनच्या पायांवर सकाळचं ऊन आलं होतं. ते सरळ, नवे पाय. तिला वाटलं, उठवावं आणि फैलावर घ्यावं. मग वाटलं, का म्हणून? ही शिकलेली. हिला वाचता येतं, सगळं कळतं. मुख्याध्यापिका आहे. आणि आपण कोण? कामाला मिळालेली बाई. कामाच्या बाईने विचारू नये. तिने रुमालाची घडी होती तशी घातली, वर चष्मा ठेवला आणि डबी लावून उशाशी ठेवून दिली. त्या दिवशी तिने सुमनला आवडते म्हणून चुक्याची भाजी केली, आणि आपल्या ह्या कोडकौतुकाचं तिचं तिलाच नवल वाटलं.

सोमवारी तिने गोळी दिली. सुमनने ती तोंडाशी नेली. दोघींची नजर एकमेकींवर होती. मंगळवारीही तसंच झालं. हे चुकतंय हे धुरपताबाईला कळत होतं, पण त्या कळण्यावर जुना, घट्ट राग बसला होता. तो राग म्हणत होता, बघू या तरी. एकदा हिचंही बिघडू दे. जीव जावा असं तिच्या मनात नव्हतं; तिने पुढे स्वतःला हजार वेळा विचारलं, आणि दर वेळी उत्तर नाही असंच आलं. तिला फक्त एवढंच हवं होतं की सुमनचं सगळंच सरळ होऊ नये. पण धोंडप्पा पाहिलेल्या बाईला असं अर्धवट वाईट चिंतायची सोय नसते, हे ती त्या दोन दिवसांत विसरून गेली, किंवा विसरायचं ठरवून बसली.

बुधवारी दुपारी सुमनने हाक मारली. “अक्का, ही डावी पोटरी लई ओढून राहिलीय. तेल लावून चोळ की जरा.”

धुरपताबाई तेलाची वाटी घेऊन आली. गुडघ्यात वाकता येत नाही म्हणून स्टूल ओढून बसली. हातावर तेल घेतलं, पोटरीवर हात ठेवला आणि तसाच थांबवला. पोटरी गरम होती. कातडी चकाकत होती, ताणलेली, ढोलकीच्या चामड्यासारखी. उजव्या पोटरीला हात लावला. ती मऊ आणि गार. तिने तेलाचा हात लुगड्याला पुसला, शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, गुडघ्याच्या वाटीखाली चार-चार बोटं सोडून दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळून मापला. डावीकडचा दोरा दोन बोटं जास्त भरला.

ती इतकी वर्षं सुमनकडे टक लावून बघत आली होती. तिच्या साड्या, तिची चाल, तिचं हसणं, आपल्याजवळ नाही आणि तिच्याजवळ आहे ते एकूण एक. त्या बघण्यातच हे दिसलं. व्यंकटराव रोज शेजारी बसत होते, त्यांना काही दिसलं नव्हतं.

“काय झालं? चोळ ना,” सुमन म्हणाली.

“चोळायचं न्हाई. पाय खाली सोडू नको, पडून ऱ्हा.” मग तिने दाराकडे तोंड करून हाक दिली, “व्यंकटराव, गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय.”

व्यंकटराव वही घेऊन आले आणि दारातच गोंधळून उभे राहिले. सुमन चिडली. संध्याकाळपर्यंत थांबू, एवढ्याशा ओढीला कुठं दवाखाना, उन्हाचं कुठं जायचं, असं ती बोलत सुटली. धुरपताबाईने उशाशी हात घातला, चष्म्याची डबी उघडली आणि रुमाल तिच्या पुढ्यात मोकळा केला. आता त्यात सात गोळ्या होत्या.

“हे खाल्लं असतं तर थांबलो असतो,” ती म्हणाली.

सुमनचा चेहरा उतरला. व्यंकटराव फोन लावायला बाहेर पळाले. खोलीत दोघीच उरल्या.

“तुला कवापासून ठाऊक हाय?” सुमनने विचारलं.

“इतवारपासून.”

“मग तीन दिवस बोलली न्हाईस?”

धुरपताबाईने दुसरी उशी ओढली. ती तिने सुमनच्या पायाखाली सरकवली.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटरीच्या शिरेत गुठळी धरली होती आणि ती गुडघ्याच्या मागेपर्यंत वर सरकली होती. छातीत अजून काही गेलेलं नव्हतं. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन सुरू केलं, आता मोठ्या मात्रेचं. मग बाहेर येऊन त्यांनी विचारलं की गोळ्या चालू होत्या ना. व्यंकटराव धुरपताबाईकडे बघू लागले. डॉक्टरही तिच्याकडे वळले आणि म्हणाले, मावशी, तुम्ही देत होता ना गोळ्या?

“मी कामाची मावशी न्हाई, डॉक्टरसाहेब. मी तिची थोरली भैन हाय,” धुरपताबाई म्हणाली. “एकतीस वर्सं हाडाच्या वार्डात काढलीत. गोळ्या ती घेत नव्हती. आन् ते मला तीन दिवस ठाऊक व्हतं.”

डॉक्टरांनी विचारलं, सूज कुणी ओळखली? तीही मीच, असं तिने सांगितलं. त्यानंतर सुमनच्या औषधांचं जे काही सांगायचं ते तिच्याकडे तोंड करून सांगू लागले.

सुगत दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून पोहोचला. वडिलांकडून त्याला सगळं कळलं होतं. तो मावशीच्या पाया पडला नाही. आईला काही झालं असतं तर, एवढंच तो म्हणाला, आणि वाक्य अर्धं सोडून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. धुरपताबाईने पिशवी भरली. दुपारच्या एसटीने नांदेडला जाते म्हणाली. व्यंकटरावांनी थांबा म्हटलं ते रीत म्हणून. खाटेवरून सुमनने मात्र कणखर आवाजात सांगितलं की कुणी कुठे जायचं नाही; आणि सुगतला बाहेरून शहाळं आणायला पाठवलं.

तो गेल्यावर तिने पुन्हा विचारलं. ह्या वेळी राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. “कामून बोलली न्हाईस अक्का?”

धुरपताबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. “मला तुझे गुडघे पायजे व्हते,” ती म्हणाली. “तुला मिळाले ते मला बघवलं न्हाई. आजचं न्हाई ते. उदगीरला तू गेलीस तवापासून मला तुझं काहीच बघवलं न्हाई.”

सुमन छताकडे बघत सांगू लागली. चंद्रप्रभाबाई बोलल्या तेव्हा तिने नीट ऐकलं होतं. बहीण म्हणून सांगायचं जिभेवर आलं होतं आणि तिनेच ते गिळलं. शाळेत तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं की थोरली बहीण आया आहे. त्या एका क्षणाची लाज तिला त्या दिवसापासून खात होती, म्हणून तर धुरपताबाई ओरडायची थांबली तेव्हा तिला पुन्हा ओरड म्हणायची छाती झाली नाही. आणि वसतिगृहाचं म्हणशील, ती म्हणाली, तर तिथे पहिल्या वर्षी ती रोज रडायची. आई धुरपताजवळ आहे, धुरपता आईच्या कुशीत झोपते, ह्या विचाराने तिला झोप लागत नसे. आई शेवटीही नांदेडलाच राहिली, धुरपताच्याच हातचं पाणी पिऊन गेली. ते तिला आजही सलतं.

धुरपताबाईने ऐकून घेतलं. तिला ते खरं वाटलं. तरी आईची कूस आणि उदगीरची शाळा ह्यांची बरोबरी तिच्या मनात काही केल्या जमेना. तसं तिने बोलून दाखवलं नाही. पिशवी मात्र खाली ठेवली.

ती जूनच्या अखेरपर्यंत राहिली. इंजेक्शनांनंतर आता तीन महिने गोळी घ्यायची होती; ती धुरपताबाई सुमनच्या जिभेवर ठेवायची, वर पेलाभर पाणी पाजायची आणि तोंड उघडून बघायची. सुमन हसायची, पण उघडायची. हिरड्यांतून रक्त आलं की डॉक्टरांना फोन करून विचारायचं, असं ठरलं. डॉक्टरांनी मऊ ब्रश वापरा म्हणून सांगितलं, गोळी चालू राहिली. पाण्याचं म्हणाल तर धुरपताबाईने व्यंकटरावांच्या वहीत सुमनच्या पिण्याचं पाणी सगळ्यांत वर लिहायला लावलं आणि आपली अंघोळ दिवसाआड केली. हे तिने मायेने केलं की लाजेने, ते तिला सांगता आलं नसतं. पोटरी हळूहळू उतरली. दोऱ्याचं माप जुळायला पाच आठवडे लागले.

चंद्रप्रभाबाई पुन्हा आल्या तेव्हा सुमनने धुरपताबाईला शेजारी बसवून घेतलं आणि ही माझी अक्का म्हणून सांगितलं. बाई ओशाळल्या, मामांच्या गोळीबद्दल दहा वेळा वाईट वाटलं म्हणाल्या. धुरपताबाईला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. फार उशीर झालेला होता, किंवा ती थकली होती.

निघायच्या आदल्या दिवशी सुमन कुणाला न धरता गच्चीपर्यंत चढून गेली. खाली उभ्या राहिलेल्या धुरपताबाईने तिच्या सरळ पायांकडे पाहिलं आणि काळजात तीच जुनी कळ उठली. ती गेली नव्हती. एवढं सगळं होऊनही गेली नव्हती. सुगतने त्याच संध्याकाळी, थोडं अवघडून, विचारलं की मावशी, तुझेही गुडघे दाखवू या का? मनातून त्याने तिला पुरतं माफ केलं नव्हतं, तरी विचारलं. तिने नको म्हणून सांगितलं. दुखण्याची तिला भीती नव्हती. पण ऑपरेशननंतर महिनाभर सुमन आपल्या उशाशी बसेल, आपल्याला भांडं देईल, हे काही तिला सोसवलं नसतं.

नांदेडला परतल्यावर ती रोज सकाळी फोन करून गोळी घेतलीस का, एवढंच विचारायची. तीन महिने पुरे झाले, पुन्हा सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली. त्या दिवशी सुमननेच फोन केला. शाळेच्या मैदानाला दोन चकरा मारल्या म्हणाली. आवाजात नवी उमेद होती. धुरपताबाईने दोनदा विचारून खात्री केली की गोळी डॉक्टरनेच बंद केलीय, तू न्हाई.

गल्लीतल्या एका बाईने तेवढ्यात दारातून विचारलं, की लातूरची बहीण कशी आहे आता?

“बेस हाय,” धुरपताबाई म्हणाली. “माझ्यापरीस बेस चालती.” आणि काठी घेऊन, हळूहळू, ती पाण्याची घागर बघायला उठली.